यंत्राची बोली



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लिहिला गेला, तेव्हा एका गृहस्थांनी आम्हांला वाटेतच गाठले आणि विचारले, ‘‘हे संगणकाचे ड्रायव्हर म्हणजे काय? यांचे लायसन कोणत्या आरटीओत निघते?’’ प्रश्न थट्टेचा होता खरा. पण आम्ही रात्री त्यावर विचार करीत बसलो, आणि आमच्या असे ध्यानात आले की थट्टेत विचारलेला हा प्रश्नच आजच्या विषयाचा गाभा आहे. यंत्र आपण विकत घ्यावयाचे, पैसे आपण मोजावयाचे. परंतु ते चालविण्याचा परवाना कोणाच्या हाती? एवढ्याच गोष्टीविषयी आज आम्ही बोलणार आहोत. गणित सांगणार नाही आणि कोणाला फळ्याजवळ बोलावणार नाही, तेव्हा मागच्या रांगेतील विद्यार्थ्यांनी निश्चिंत असावे.

विंचूर हे बाजाराचे गाव. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार येथे भरतो. तेव्हा आम्ही दाखला बाजाराचाच घेऊ. जुन्या काळी बैलबाजारात सौदा कसा होई, हे येथील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. दलालाने उपरणे पसरावयाचे, त्याखाली दोघांनी हात घालावयाचे, आणि बोटे दाबून भाव ठरवावयाचा. भोवती पन्नास माणसे उभी असत. पण भाव कळे तो दोघांनाच. यालाच हत्ता पद्धत म्हणत. पुढे बाजार समित्या आल्या, हत्ता पद्धतीला बंदी झाली आणि उघड लिलाव सुरू झाला. आता बोली मोठ्याने होते, शेतकरी आपल्या वाहनापाशी उभा राहून ती ऐकतो. भाव नेहमी मनासारखा मिळतो असे नाही, हे आम्हांलाही कळते. पण निदान काय बोलले गेले, ते तरी कानावर पडते.

संगणकातही असाच एक बाजार भरलेला असतो. पडद्यावर चित्र उमटविणारे कार्ड, माहिती साठविणारी डिस्क, छापणारा प्रिंटर, दूरध्वनीच्या तारेवरून बोलणारा मोडेम, ही सारी निरनिराळ्या कारखान्यांतून आलेली यंत्रे, आणि प्रत्येकाची बोली वेगळी. कोणाला अमुक क्रमांकाच्या दारावर अमुक आकडा ठेवला म्हणजे तो कामाला लागतो. कोणाला आधी दोनदा खूण करावी लागते. या सर्वांवर देखरेख करणारी जी मुख्य व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपण तिला संगणकप्रणाली म्हणू. या प्रणालीला प्रत्येक यंत्राची बोली कोठून येणार? म्हणून प्रत्येक यंत्रामागे एक दुभाषा ठेवलेला असतो. प्रणालीची आज्ञा तो यंत्राच्या बोलीत सांगतो आणि यंत्राचे उत्तर प्रणालीला समजावून देतो. हा दुभाषा म्हणजेच ड्रायव्हर. तो नसेल, तर उत्तमातले उत्तम यंत्रही मुक्या पाहुण्यासारखे बसून राहते.

आता प्रश्न असा की यंत्राची बोली उघड लिलावासारखी चारचौघांत बोलली जाते, की उपरण्याखाली? गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतील मुक्त संगणकप्रणालींचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरला आहे.

या इतिहासाची सुरुवातच मुळी एका प्रिंटरपासून होते. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला १९८०च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा एक लेसर प्रिंटर भेट मिळाला. त्यात कागद अडके. आधीच्या प्रिंटरमध्येही तो अडकत असे. परंतु त्याची आज्ञावली प्रयोगशाळेतील लोकांच्या हाती होती, म्हणून कागद अडकताच छापणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जावा, अशी सोय त्यांनी स्वतःच करून घेतली होती. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र मिळाली नव्हती. रिचर्ड स्टॉलमन नावाचे तेथील तरुण प्रोग्रामर ती मागावयास दुसऱ्या विद्यापीठातील एका गृहस्थांकडे गेले. त्यांनी नकार दिला. कारण ती कोणाला दाखविणार नाही, असा करार त्यांनी करून दिला होता. कागद अडकणे ही गोष्ट क्षुल्लक. पण ज्याला दुरुस्ती येते आणि करावयाची इच्छाही आहे, त्याचेच हात बांधलेले असावेत, हे स्टॉलमन यांना सहन झाले नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये जन्मलेल्या युनिक्स या प्रणालीसारखी, परंतु ज्याला हवी त्याने वाचावी, बदलावी आणि शेजाऱ्याला द्यावी, अशी संपूर्ण मुक्त प्रणाली उभारावयाची, हा त्या प्रकल्पाचा संकल्प होता. एवंच, मुक्त प्रणालींची चळवळ जन्मली ती एका दुभाष्याच्या तोंडाला लावलेल्या कुलपातून.

पुढे १९९१च्या २५ ऑगस्टला फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तीच पुढे लिनक्स म्हणून प्रसिद्धीस आली. त्या निवेदनातील एक गोष्ट आम्हांला फार मनोज्ञ वाटते. त्याने प्रांजळपणे असे कळविले होते की, ही प्रणाली एटी जातीच्या हार्डडिस्कखेरीज दुसऱ्या कशावर बहुधा कधीच चालणार नाही, कारण आपल्यापाशी तेवढीच आहे! त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम आणि लिन जोलित्झ या दांपत्याने बर्कले विद्यापीठाचे युनिक्स साध्या संगणकावर आणण्याचा उद्योग आरंभिला. त्यांची ३८६बीएसडी ही प्रणाली १९९२ मध्ये बाहेर पडली, आणि तिच्यातून १९९३ मध्ये नेटबीएसडी व फ्रीबीएसडी या दोन शाखा फुटल्या.

‘माझ्यापाशी आहे तेवढेच’ हा सुरुवातीच्या सर्व मुक्त प्रणालींचा नियम होता. ज्याच्या घरी जे यंत्र, त्याचा ड्रायव्हर तो लिही. एकाच्या घरी निराळे नेटवर्क कार्ड निघाले की तो रात्री जागून त्याचा दुभाषा तयार करी आणि तो सर्वांना देऊन टाकी. दुसऱ्या दिवशी जगाच्या दुसऱ्या टोकाला तेच कार्ड वापरणाऱ्याचे काम होऊन जाई. आपल्याकडे सावडीने शेतीची कामे होत, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की सावडीतले गडी एकमेकांना ओळखत, आणि येथे शेजारी हजारो कोसांवरचा.

परंतु काम सोपे नव्हते. त्या वेळच्या संगणकात यंत्रांनी प्रणालीचे लक्ष वेधण्यासाठी सोळा घंटा असत. त्यांना इंटरप्ट म्हणतात. त्यांतील बऱ्याच आधीच ठरून गेलेल्या. पहिल्या सिरियल दाराची चौथी, दुसऱ्याची तिसरी, प्रिंटरची बहुधा सातवी. पुन्हा तिसरे सिरियल दार पहिल्याच्याच घंटेवर बसविलेले. म्हणजे माउस पहिल्या दारावर आणि मोडेम तिसऱ्या दारावर लावला, की घंटा कोणी वाजविली, हेच कळेनासे होई, आणि माउस हलविताच दूरध्वनी तुटे. कार्डावरील इवल्याशा टोप्या, ज्यांना जंपर म्हणत, त्या चिमट्याने काढून दुसऱ्या खिळ्यांवर बसवीत लोकांनी रात्रीच्या रात्री घालविल्या आहेत. सीडी वाचणाऱ्या यंत्रांची तर वेगळीच तऱ्हा. मित्सुमीचे एक, सोनीचे दुसरे, पॅनासोनिकचे तिसरे. प्रत्येकाची बोली निराळी, म्हणून लिनक्सलाही प्रत्येकाचा ड्रायव्हर निराळा लिहावा लागला. पुढे या यंत्रांसाठी एक सामाईक मानक ठरले, आणि एकाच दुभाष्याने सर्वांचे भागू लागले. पडद्याच्या बाबतीत तर चुकीची कंप्रता भरली तर मॉनिटर कायमचा बिघडेल, असा इशाराच माहितीपत्रकांत दिलेला असे.

हे दुभाषे तयार तरी कसे होत? त्याचे मार्ग तीन. कंपनीने यंत्राची माहितीपुस्तिका प्रसिद्ध केली असेल तर उत्तम. ती वाचून लिहावयाचे. पुस्तिका नसेल तर कंपनीस पत्र लिहून मागावयाची. काही कंपन्या देत. काही म्हणत, ‘देतो, परंतु कोणास सांगणार नाही असे लिहून द्या’. आणि मग ती माहिती वापरून लिहिलेली आज्ञावली उघड कशी करावयाची, हा पेच पडे. तिसरा मार्ग अतिशय कष्टाचा. कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर चालू असताना यंत्राच्या दारावर कोणता आकडा जातो आणि कोणता येतो, हे पाहत बसावयाचे आणि त्यावरून बोली ओळखावयाची. उपरण्यावर उमटणाऱ्या बोटांच्या हालचालींवरून भाव ताडण्यासारखेच हे काम. एक अंदाज चुकला की सारा संगणक गोठून जावयाचा.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात सामान्य नागरिकास इंटरनेट मिळू लागले १५ ऑगस्ट १९९५ पासून. ते इतके मंद आणि महाग होते की एवढी मोठी प्रणाली त्यावरून उतरवून घेणे आपल्याकडे कोणासही परवडण्यासारखे नव्हते. अशा वेळी १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट या मासिकाने अंकाबरोबर लिनक्सची सीडी देण्यास आरंभ केला. या उपक्रमामागे अतुल चिटणीस (१९६२–२०१३) यांचा पुढाकार होता. जर्मनीत जन्मलेल्या आणि पुढे बंगलोरला स्थायिक झालेल्या या गृहस्थांनी आपल्याकडील कितीतरी तरुणांच्या हाती प्रथमच लिनक्स ठेवले.

त्या तरुणांत आम्हीही होतो. १९९९ साली आम्ही नाशिकहून एक संगणक जुळवून आणला. दुकानदाराने आत मोडेम बसवून दिला आणि ‘वेगळा डबा घेण्यापेक्षा हा निम्म्या किमतीत पडतो’ असे वर सांगितले. आम्ही खूश झालो. मासिकातली सीडी घालून लिनक्स चढविले, पडदा उजळला, अक्षरे उमटली. पण मोडेम काही केल्या बोलेना. तीन आठवडे आम्ही त्याची आराधना केली. घंटा बदलल्या, दारे बदलली, कार्ड काढून पुसून पुन्हा बसविले. घरातील मंडळींना वाटले, यांना काही बाधा झाली आहे. अखेर एका जाणत्या मित्राने सांगितले, ‘‘अहो, तो मोडेम नव्हेच. तो अर्धा मोडेम आहे.’’ खरोखरच, मोडेमला स्वतःचा जो मेंदू लागतो तो त्या स्वस्त कार्डात बसविलेलाच नव्हता. ते काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरकडून करून घेणारी आज्ञावली कारखानदाराने फक्त विंडोजसाठी दिलेली होती, आणि बोली उपरण्याखाली ठेवली होती. अशा मोडेमांना लोक विनमोडेमच म्हणत.

मग त्या मित्राने आपला जुना, बाहेर ठेवावयाचा, दिवे लुकलुकणारा मोडेम आणून दिला. तो सिरियल तारेने जोडला, आणि ‘एटी’ ही दोन अक्षरे टंकून एन्टर दाबताच पडद्यावर ‘ओके’ उमटले. कोणताही खास ड्रायव्हर नाही, सीडी नाही. हे कसे घडले? तर हेज नावाच्या कंपनीने १९८१ मध्ये आपल्या मोडेमसाठी आज्ञांची जी भाषा ठरविली, तीच पुढे सर्वांनी उचलली. ती भाषा सर्वांना माहीत. म्हणून तो म्हातारा मोडेम कोणत्याही प्रणालीशी बोले, आणि कालचा नवा कोरा मोडेम मात्र मुका. शेतकरी बंधूंना हे समजावून सांगावयास नकोच. ट्रॅक्टरला मागे अवजार जोडण्याची रीत सर्वत्र सारखी आहे, म्हणून एका कंपनीच्या ट्रॅक्टरला दुसऱ्या कारखान्याचा पलटी नांगर जोडता येतो. उद्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याने आपली जोडणी निराळी करून तिचे माप गुप्त ठेवले, तर तुमच्या गावातील लोहाराने काय करावे?

बोली उघड झाली म्हणजे केवढे काम उभे राहते, त्याचाही एक दाखला देतो. डोनाल्ड बेकर या गृहस्थांनी लिनक्ससाठी नेटवर्क कार्डांचे अनेक ड्रायव्हर लिहिले. १९९४ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेत त्यांनी आणि टॉमस स्टर्लिंग यांनी सोळा साधे बाजारी संगणक अशा कार्डांनी एकमेकांना जोडून एक महासंगणक बनविला. त्याचे नाव बेओवुल्फ. आपल्याला महासंगणकाची किंमत ठाऊक आहे. अमेरिकेने क्रे महासंगणक देण्यास आढेवेढे घेतले, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. जे ज्ञान दुसऱ्याने अडवून ठेवले, ते आपण कष्टाने मिळविले, हा त्याचा अर्थ. बेओवुल्फचा अर्थ त्याला पूरक आहे. जे ज्ञान कोणी अडवून ठेवले नाही, ते वापरून साध्या यंत्रांतूनही मोठे काम होते.

आपल्या देवनागरीची कथाही हेच सांगते. संगणकावर मराठी अक्षर उमटावे, म्हणून कानपूरच्या आयआयटीत आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये जिस्ट हे तंत्र विकसित झाले. मोहन तांबे यांचे त्यातील कार्य मोठे आहे. संगणकात एक कार्ड बसवावयाचे, की पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. त्या काळी हे मोठेच पाऊल होते. तथापि कार्डाचे आयुष्य कार्डाइतकेच. टिकले ते काय? तर अक्षरांची जी संकेतसारणी आणि कळफलकाची जी इनस्क्रिप्ट मांडणी भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली, ती. त्या सारणीच्या आधीच्या आवृत्तीवरूनच युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी झाली. मानक उघड असल्यामुळे पुढे २०००च्या सुमारास इंडलिनक्ससारख्या प्रकल्पातील स्वयंसेवकांना मुक्त प्रणालींवर भारतीय भाषा आणता आल्या. कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाही. यंत्र जुने होऊन अडगळीत गेले, पण उघड केलेले ज्ञान पुढच्या पिढीच्या हाती राहिले.

आपल्या लोकांनी या सावडीत स्वतः काम किती केले, असे कोणी विचारील. पुण्याच्या अमित काळे यांचे नाव येथे आदराने घेतले पाहिजे. ड्रायव्हरात चूक झाली की साराच संगणक बंद पडतो. मग चूक शोधावयाची कशी? त्यासाठी दोन संगणक तारेने जोडून, एकाचा कारभार मध्येच थांबवून दुसऱ्यावरून तपासण्याचे केजीडीबी नावाचे साधन आहे. वैद्याने रोग्याची नाडी धरावी, तसे. या साधनाची जडणघडण आणि देखभाल काळे यांनी कित्येक वर्षे केली. २००८ मध्ये ते साधन लिनक्सच्या मुख्य आवृत्तीत दाखल झाले. तथापि अशी नावे आपल्याकडे संख्येने थोडी होती, ही खंत अतुल चिटणीस यांनी अनेकदा बोलून दाखविली. आपण नुसते वापरणारे न राहता भर घालणारे व्हावे, असा त्यांचा आग्रह असे. आमच्या भाषेत सांगावयाचे तर, पंगतीला बसणारे पुष्कळ झाले, आता वाढावयास चार माणसे उठली पाहिजेत.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे; एकतर्फी निवाडा आम्हांला मान्य नाही. कारखानदार म्हणतो, ‘आम्ही वर्षानुवर्षे खर्च करून यंत्र सिद्ध केले, त्याची बोली उघड केली तर प्रतिस्पर्धी आमची युक्ती ओळखील. शिवाय यंत्रातील काही भाग आम्हीच दुसऱ्याकडून कराराने घेतला आहे, तो दाखविण्याचा आम्हांला अधिकार नाही.’ या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु यंत्र कसे बनविले, हे सांगणे वेगळे आणि त्याच्याशी कसे बोलावे, हे सांगणे वेगळे. हलवायाने आपली पाककृती गुप्त ठेवावी. पण पेढ्याचा पुडा कसा उघडावयाचा, हे गिऱ्हाइकापासून लपवून ठेवण्यात काय हशील? २००७ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तर कारखानदारांना जाहीरपणे कळविले, की तुम्ही फक्त माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो. तेव्हापासून पुष्कळ कंपन्या स्वतःहून पुढे आल्या. आज लिनक्सच्या गाभ्यातील अर्ध्याहून अधिक मजकूर ड्रायव्हरांचाच आहे. ज्याला एके काळी एकच डिस्क ओळखता येत होती, त्याची ही मजल आहे.

मुक्त प्रणालींच्या घरातही सारे आलबेल नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कंपनीने कुलूपबंद तुकडा दिला तर तो घ्यावा की नाही, यावर तेथे तीव्र मतभेद आहेत. ओपनबीएसडीची मंडळी तो साफ नाकारतात आणि माहितीपुस्तिकाच मागतात. आणखी असे की, उघड ठेवलेली विहीरसुद्धा कोणी गाळ काढला नाही तर बुजते. ज्या ३८६ जातीच्या संगणकावर लिनक्सचा जन्म झाला, त्याचाच आधार २०१२च्या अखेरीस काढून टाकण्यात आला. फ्लॉपीच्या ड्रायव्हराची २०१९ मध्ये ‘अनाथ’ म्हणून नोंद झाली. कारण चालू स्थितीतले यंत्र देखभाल करणाऱ्यापाशीच उरले नव्हते. मुक्त म्हणजे अमर नव्हे. मुक्त म्हणजे एवढेच, की उद्या कोणास गरज वाटली तर त्याने ते काम उचलावे, त्याला दार बंद नाही.

मंडळी, ही सारी जुन्या कार्डांची आणि मोडेमांची कथा आहे, तिचे आम्हांला काय, असे कृपा करून म्हणू नका. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात जो अँड्रॉइड मोबाइल आहे, त्याचा गाभा लिनक्सचाच आहे. परंतु त्यातील कित्येक दुभाषे कुलूपबंद असतात. म्हणून चार-पाच वर्षांत यंत्र धडधाकट असूनही त्याला नवी प्रणाली मिळत नाही. आम्ही एका शाळेत गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. तेथे कपाटावर तीन प्रिंटर धूळ खात पडले होते. मोडलेले नव्हते. नव्या संगणकासाठी त्यांचा ड्रायव्हर निघाला नव्हता, एवढाच त्यांचा अपराध. ते पालकांच्या वर्गणीतून घेतलेले होते. शिपाईमामा आम्हांला म्हणाले, ‘‘साहेब, माणूस धडधाकट आहे, पण त्याचं ऐकणारं कोणी नाही.’’ याहून नेमकी व्याख्या आम्ही कोठेही वाचलेली नाही.

आणि उद्याची गोष्ट शेताच्या बांधावर येऊन ठेपली आहे. ट्रॅक्टरमध्ये, ठिबकच्या नियंत्रकामध्ये, तोलकाट्यामध्ये आता संगणक बसतो आहे. अमेरिकेत शेतकऱ्यांना आपलाच ट्रॅक्टर दुरुस्त करण्याच्या हक्कासाठी भांडावे लागले. तेथील कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये त्यासाठी कायदा केला. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. कायदे व्हावयाचे तेव्हा होतील. परंतु गिऱ्हाइकाने काउंटरवर उभे राहून एक प्रश्न विचारावयास कोणत्या कायद्याची गरज आहे? शाळेसाठी, सोसायटीसाठी, ग्रामपंचायतीसाठी यंत्र घेताना एवढेच विचारा : ‘याची बोली उघड आहे काय? तुम्ही उद्या दुकान बंद केलेत, तर याच्याशी दुसऱ्या कोणाला बोलता येईल काय?’ एकाने विचारले तर दुकानदार हसेल. गावाने विचारले तर तो कंपनीला कळवील.

बाजारातील उपरणे एका दिवसात निघाले नाही. ते निघावे असे वाटणारी माणसे आधी निर्माण व्हावी लागली. यंत्राच्या बाजारातील उपरणे अर्धे सरकले आहे, आणि ते सरकविणारे लोक कोणी राजे-सरदार नव्हते. आपल्या घरातील एका मुक्या यंत्रापुढे चिकाटीने बसलेली, आणि जे सापडले ते लगेच शेजाऱ्याला देणारी ती साधी माणसे होती. मागच्या रांगेत बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्याने घरी जाऊन अडगळीतले एखादे यंत्र खाली उतरविले आणि त्याची बोली शिकावयास प्रारंभ केला, तर आजचे आमचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.